काजूचे झटपट डिप: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काजूचे डिप बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. साहित्य मोजके असते, शिजवण्याचे काम जवळजवळ नसते, कष्टाचा सगळा भाग मिक्सर उचलतो, आणि तरीही पहिल्यांदा करणाऱ्याच्या वाटीत एक तर चमच्याला चिकटून बसणारा गोळा उतरतो, नाही तर काकडीच्या कापावरून ओघळून टेबलावर ठिपकणारे काहीतरी. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक असते: पाणी किती लागेल हे आधीच ठरवून ते एकदम ओतलेले असते. या लेखात काजूचे एक साधे डिप पायरीपायरीने दिले आहे आणि प्रत्येक पायरी तशीच का करायची हेही शक्य तेथे सांगितले आहे, म्हणजे पुढे काजूच्या जागी बदाम किंवा अक्रोड घेताना नवी कृती शोधत बसावे लागणार नाही.

भाजीचे कच्चे तुकडे, टोस्ट किंवा कुरकुरीत बिस्किटे बुडवून खाण्याचे दाटसर मिश्रण म्हणजे डिप. त्याच्या घनतेची कसोटी साधी आहे. गाजराचा लांबट तुकडा त्यात बुडवून उचलला, तर मिश्रण त्याला धरून तोंडापर्यंत पोहोचले पाहिजे आणि बुडवताना तुकडा मोडता कामा नये. एकूण वेळ सुमारे ३५ मिनिटे लागतो, पण त्यातली २० मिनिटे काजू नुसते पाण्यात पडून असतात.

साहित्य आणि मापे

सहा जणांना मुख्य जेवणाआधी थोडे थोडे खाता येईल एवढ्या डिपसाठी २४० मिलिलिटरच्या कपाने एक कप, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम, बिनमिठाचे कच्चे काजू घ्यावेत. त्याखेरीज दोन मोठे चमचे लिंबाचा रस, लसणाची एक मध्यम पाकळी, अर्धा छोटा चमचा बारीक मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि पाच ते आठ मोठे चमचे पाणी एवढेच लागते. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, दोन्ही सपाट भरलेले. यातून साधारण ३२० ते ३६० ग्रॅम डिप होते, म्हणजे माणशी ५०-६० ग्रॅम. सोबत आणखी एखादा पदार्थ असेल, तर हेच डिप आठ-दहा जणांनाही पुरते.

काजू वाटायचेच आहेत, तेव्हा अख्खे आणि देखणे दाणे घेण्यात काही अर्थ नाही. तुकडा काजू उत्तम चालतो. मात्र तुटलेल्या दाण्याला हवा अधिक लागलेली असते, म्हणून त्यातला एखादा तुकडा आधी चाखून पाहावा. घरात केवळ खारे भाजलेले काजू असतील, तर ते चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे. तेल सौम्य चवीचे असावे. ऑलिव्हचे तेल वापरायचे असेल तर त्याची एक अडचण आहे, ती पुढे वाटण्याच्या पायरीत सांगितली आहे.

सुरुवात काजूपासूनच का

कवचफळे, ज्यांना आता सर्रास नट्स म्हटले जाते, ती वाटण्याच्या दृष्टीने एकसारखी नसतात. काजूच्या वजनात साधारण ४४ टक्के स्निग्धांश असतो आणि इतर कवचफळांच्या मानाने पिष्ट बरेच असते. दाणा मुळात मऊ असतो आणि सोलून मिळतो, त्यामुळे थोडा वेळ भिजवला की साध्या मिक्सरमध्येही तो लोण्यासारखा वाटला जातो. चवही गोडसर आणि सौम्य असल्यामुळे लसूण, लिंबू किंवा मिरपूड त्यावर सहज उमटते. नवशिक्याला एवढी सवलत दुसरे कोणतेही कवचफळ देत नाही.

बदामात सुमारे ५० टक्के स्निग्धांश असला तरी दाणा टणक असतो आणि सालीचे बारीक कण शेवटपर्यंत दातांखाली येतात. साल काढण्यासाठी बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. मग दोन बोटांत दाबताच दाणा सालीतून निसटतो, आणि कधी कधी स्वयंपाकघराच्या पार दुसऱ्या टोकाला जातो, तेव्हा दाबताना हात भांड्यावर धरलेला बरा. एवढे करूनही घरगुती मिक्सरमध्ये बदामाचे डिप किंचित रवाळच राहते. तो दोष मानू नये. भाजलेल्या भाज्यांबरोबर ते खरखरीत अंग चांगले लागते.

अक्रोडात स्निग्धांश ६५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून त्याला तेल जवळजवळ लागत नाही. त्याच्या पातळ सालीत टॅनिन असतात आणि घशाशी रेंगाळणारा तुरट कडवटपणा तेथूनच येतो. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्यांच्या कुळातला आहे, आणि कच्चा वाटला तर त्याची चव हे नाते लपवत नाही. डिपसाठी तो भाजूनच घ्यावा लागतो.

कोणतेही कवचफळ घेतले तरी ते ताजे आहे की नाही हे पाहण्याची पायरी वगळू नये. या सर्वांत तेल भरपूर असल्यामुळे उष्णता, उजेड आणि हवा लागून ती खवट होतात, आणि अक्रोड त्यात सर्वांत पुढे असतो, कारण त्यातले बरेचसे स्निग्धाम्ल हवेशी लवकर संयोग पावणाऱ्या प्रकारचे असते. मी एकदा कपाटात मागे राहून गेलेल्या अक्रोडांचे डिप केले होते. वास थोडा जुन्या रंगासारखा येत होता, पण लसूण आणि लिंबू त्यावर मात करतील असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात आंबटपणाने खवटपणा आणखी उठून दिसला आणि सगळी वाटी टाकून द्यावी लागली. खवटपणा कशानेही झाकला जात नाही, म्हणून प्रत्येक पिशवीतले दोन-तीन दाणे चावून पाहावेत आणि उरलेले हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावेत. बुरशी आलेले, आतून काळपट पडलेले किंवा सुरकुतलेले दाणे मात्र चावूनही पाहू नयेत, सरळ टाकून द्यावेत. काही बुरशींपासून तयार होणारी अफ्लाटॉक्सिन नावाची विषद्रव्ये भाजल्याने किंवा उकळल्याने पूर्णपणे नष्ट होत नाहीत.

पहिली पायरी: भिजवणे

काजू एका खोलगट भांड्यात घ्यावेत, त्यांच्यावर दोन बोटे पाणी राहील एवढे उकळते पाणी ओतावे आणि झाकण ठेवून २० मिनिटे थांबावे. गरम पाणी दाण्यात लवकर शिरते. थंड पाण्यात हेच काम व्हायला दोन ते चार तास लागतात. वेळ हाताशी असेल तर थंड पाण्याची पद्धतही चांगली आहे, परंतु दोन तासांहून अधिक भिजवायचे असल्यास भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, कारण भिजलेला काजू उबदार हवेत आंबू लागतो.

काजू पुरेसा भिजला हे घड्याळापेक्षा बोटांना अधिक नेमके कळते. एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबावा. तो कट्कन न तुटता दबून फुटला, की काम झाले. मधोमध अजून कडक गर लागत असेल, तर आणखी पाच-दहा मिनिटे द्यावीत. या टप्प्यावर घाई केली, तर ती पुढे मिक्सरमध्ये भरून निघत नाही, कारण अर्धवट भिजलेल्या दाण्याचे कण कितीही फिरवले तरी रवाळ राहतात.

भिजवलेले पाणी टाकून द्यावे. त्याला मातकट चव असते आणि डिपचा पांढरा रंगही त्यामुळे मळकट होतो. काजू चाळणीत निथळून थंड पाण्याने एकदा धुवावेत. गरम काजू तसेच मिक्सरमध्ये घालू नयेत; बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडण्याचा धोका असतो.

कोणाला भाजलेल्या काजूची खमंग चव अधिक आवडते. त्यांनी काजू जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, फिकट सोनेरी होईपर्यंत पाच ते आठ मिनिटे भाजावेत, किंवा ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटे ठेवावेत. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच ते ताटात पसरून घ्यावेत, कारण दाण्यातली उष्णता आचेवरून उतरवल्यानंतरही काही काळ त्यांना भाजतच राहते. भाजलेले काजूही नंतर भिजवता येतात. खमंगपणा थोडा उतरतो, पण पोत सुधारतो. मला स्वतःला पांढऱ्या, न भाजलेल्या काजूचेच डिप अधिक पटते, कारण भाजल्यावर ते शेंगदाण्याच्या चवीकडे झुकते आणि मग थेट शेंगदाणेच का घेतले नाहीत असे वाटू लागते.

दुसरी पायरी: लसूण लिंबात मुरवणे

काजू भिजत असताना करायचे हे काम दोन मिनिटांचे आहे, पण डिपच्या चवीत त्याचा वाटा मोठा आहे. लसणाची अखंड पाकळी फारशी तिखट नसते. ती चिरली किंवा ठेचली की पेशी फुटतात, त्यांतले एक विकर बाहेर येते आणि त्याच्यामुळे ॲलिसिन हे झोंबणारे द्रव्य तयार होऊ लागते. हे विकर तीव्र आंबटपणात मंदावते. म्हणून लसूण किसून किंवा ठेचून लगेच लिंबाच्या रसात टाकला, त्यातच मीठ घातले आणि दहा मिनिटे तसाच ठेवला, तर लसणाचा स्वाद राहतो पण जिभेला झोंबत नाही. न शिजवलेल्या डिपमध्ये याला महत्त्व आहे, कारण तेथे कच्च्या लसणाचा तिखटपणा उतरवायला आच नसते, आणि जेवणाच्या सुरुवातीलाच तोंड लसणाने भरून गेले, तर पुढच्या पदार्थांची चव लागत नाही.

एक पाकळी कमी वाटली तरी पहिल्या वेळी एकच घालावी. फ्रीजमध्ये ठेवलेल्या डिपमध्ये लसूण दुसऱ्या दिवशी अधिक जाणवतो.

लिंबाचा रस मोजूनच घ्यावा. एका मध्यम लिंबातून दोन ते तीन मोठे चमचे रस निघू शकतो, पण लहान किंवा सुकलेल्या लिंबातून त्याच्या निम्माही निघत नाही, त्यामुळे नगावर ठेवलेले माप फसवे ठरते. लिंबू नसेल तर सौम्य व्हिनेगर चालते, मात्र त्याचे प्रमाण एका मोठ्या चमच्यापासून सुरू करावे.

तिसरी पायरी: वाटणे

मिक्सरचे भांडे साहित्याच्या मानाने लहान घ्यावे. मोठ्या भांड्यात एक कप काजू पात्याच्या खाली आणि कडेला जाऊन बसतात, पाते हवेत फिरते, आणि मिक्सर चांगला नाही असा गैरसमज होतो. चटणीचे भांडे या मापाला बरोबर बसते. फूड प्रोसेसर असल्यास डिप थोडे जाडसर होईल हे धरून चालावे.

निथळलेले काजू आणि लसूण-लिंबाचे मिश्रण भांड्यात घालावे, दोन मोठे चमचे पाणी घालावे आणि मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवावा. सात-आठ झटक्यांनंतर झाकण काढून कडेला उडालेले काजू लवचीक उलथन्याने खाली सारावेत. हे सारण्याचे काम चार-पाच वेळा करावे लागते आणि ते कंटाळवाणे आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ते टाळले, तर गुळगुळीत मिश्रणात मध्येच काजूचे खडे सापडतात.

आता पाण्याविषयी. काजूच्या वाटणात तेल, प्रथिने आणि पिष्ट एकत्र असतात. त्यात अगदी थोडे पाणी गेले, की प्रथिने आणि पिष्ट ते पाणी शोषून एकमेकांना चिकटतात आणि वाटण पातळ होण्याऐवजी उलट घट्ट होते, गोळा धरते. नवशिक्या नेमका येथे घाबरतो. काहीतरी चुकले असे समजून तो अर्धी वाटी पाणी ओतून मोकळा होतो, आणि मग पातळ झालेले वाटण परत दाट करायला त्याच्याकडे आणखी काजू भिजवण्यावाचून मार्ग उरत नाही. वास्तविक हा गोळा होणे अपेक्षितच आहे. एकेक मोठा चमचा पाणी घालत, प्रत्येक चमच्यानंतर दहा-पंधरा सेकंद फिरवत गेले, तर साधारण चौथ्या-पाचव्या चमच्याच्या आसपास वाटण अचानक सैल पडते, त्याचा रंग फिकट होतो आणि पृष्ठभागाला तकाकी येते. तेलाचे सूक्ष्म थेंब आता पाण्यात नीट पसरलेले असतात. मेयोनेझमध्ये होते तशीच ही क्रिया आहे, फक्त अंड्याचे काम येथे काजूतली प्रथिने करतात. नेमके किती चमचे लागतील हे काजू किती भिजले आणि किती निथळले यावर अवलंबून असल्यामुळे कोणत्याही कृतीतला पाण्याचा आकडा हा अंदाजच असतो, या कृतीतलाही.

तकाकी आल्यावर घाई न करता आणखी मिनिटभर फिरवावे. मग दोन बोटांत थोडे वाटण चोळून पाहावे. बोटांना रवा जाणवला तर अजून अर्धा मिनिट. भांडे हाताला गरम लागू लागले तर थांबावे. जास्त तापलेल्या वाटणातून तेल सुटू लागते आणि काजूची नाजूक चव जाते. पाण्याऐवजी बर्फाचे थंड पाणी वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

तेल शेवटी घालावे. एक मोठा चमचा तेल घालून मिक्सर पाच सेकंद फिरवला की पुरे. दुसरा चमचा वाढताना वरून घालण्यासाठी ठेवावा. ऑलिव्हचे तेल असेल, तर तेवढेही न फिरवता डिप वाटीत काढून चमच्याने ढवळून मिसळावे. या तेलातली कडू द्रव्ये वेगवान पात्याखाली मोकळी होऊन सगळे मिश्रण कडवट लागण्याची शक्यता असते, आणि पहिल्यांदा असे झाले की माणूस विनाकारण काजूला दोष देतो.

डिप वाटीत काढताना ते आपल्याला हवे त्याहून किंचित पातळ ठेवावे. काजूतले घटक वाटल्यानंतरही पाणी शोषत राहतात, आणि फ्रीजमध्ये तासभर ठेवलेले डिप स्पष्टपणे दाट होते. लगेच वाढणार असाल तर मात्र कसोटी गाजराच्या तुकड्याचीच.

चौथी पायरी: चव जुळवणे

चव पाहताना चमचा चाटू नये. ज्याच्याबरोबर डिप खाणार, त्याच्याबरोबरच ते चाखावे. काकडी पाणीदार असते, तिच्याबरोबर मिठाला थोडे पुढे असलेले डिप बरोबर लागते. खारी बिस्किटे असतील तर तेच डिप खारट ठरते. वर दिलेले अर्धा छोटा चमचा मीठ म्हणजे एकूण वजनाच्या सुमारे एक टक्का होते, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

डिप मिळमिळीत वाटले, तर आधी मीठ न वाढवता अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालून पाहावा. स्निग्ध पदार्थ जिभेवर पसरून इतर चवी बोथट करतो आणि आंबटपणा त्यातून वाट काढतो. पुष्कळदा जे अळणी वाटत असते ते खरे तर कमी आंबट असते. त्याने काम झाले नाही तरच चिमूटभर मीठ. आंबट जास्त झाले तर पाव छोटा चमचा मध किंवा साखर पुरते, आणि तेवढ्याने डिप गोड लागत नाही.

मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिरलेली कोथिंबीर किंवा पुदिना यांपैकी एखादेच काही घालावे. काजूची चव मुळात हलकी आहे. चार मसाले एकदम घातले, तर डिप कशाचे आहे हेच कळेनासे होते.

वाढणे

डिप पसरट वाटीत काढून चमच्याच्या पाठीने मध्ये खळगा करावा, त्यात राखून ठेवलेले तेल सोडावे आणि वर थोडी मिरपूड किंवा भाजून कुटलेले काजू पेरावेत. फ्रीजमधले डिप वाढण्याच्या २० ते ३० मिनिटे आधी बाहेर काढावे, कारण थंडपणात चव दबते. भाजीचे तुकडे धुऊन पूर्ण कोरडे केलेले असावेत. ओल्या काकडीवर काहीच टिकत नाही.

काजूऐवजी दुसरे काही

अक्रोडाचे डिप करायचे असेल, तर १०० ग्रॅम अक्रोड आधी हलके भाजून, गरम असतानाच स्वच्छ कापडात घेऊन चोळावेत. निम्मी-अधिक साल कापडाला लागून येते आणि कडवटपणा बराच कमी होतो. उरलेली साल खरवडत बसू नये. त्यात एक मोठी लाल सिमला मिरची घालावी. ती थेट आचेवर किंवा ओव्हनमध्ये बाहेरून काळी होईपर्यंत भाजावी, दहा मिनिटे झाकून ठेवावी, म्हणजे वाफेने साल सुटते, आणि मग सोलून बिया काढाव्यात. सोललेली मिरची पाण्याखाली धरू नये; धुण्यात भाजल्याची सगळी चव वाहून जाते. मिरचीत पाणी भरपूर असल्यामुळे या डिपला वरून पाणी बहुधा लागतच नाही, आणि ते गुळगुळीत करण्याचा अट्टहासही करू नये. लसूण, लिंबू आणि मीठ वरच्याच प्रमाणात घालून चमच्याला जाडसर लागेल इतपत वाटावे. माझ्या मते काजूच्या डिपपेक्षा हे डिप वरचढ आहे, पण त्यात सुधारण्यासारखे हातात कमी असते, म्हणून पहिल्या दिवशी ते करू नये.

शेंगदाण्याची रीत वेगळी आहे. भाजून सोललेले दाणे भिजवायचे नसतात. ते कोरडेच वाटायचे. आधी कूट होतो, मग कूट कडेला चिकटू लागतो, आणि चिकाटीने फिरवत राहिले की तेल सुटून सैल लगदा होतो. त्यानंतर लिंबाचा रस आणि मग चमच्याचमच्याने कोमट पाणी घालायचे. गोळा धरण्याचा प्रकार येथे काजूपेक्षाही जोरात होतो, तेव्हा धीर सोडू नये.

बिघडले तर

डिप पातळ झाले असेल, तर पहिला उपाय म्हणजे ते तासभर फ्रीजमध्ये ठेवून वाट पाहणे. अनेकदा एवढे पुरते. वेळ नसल्यास दोन मोठे चमचे काजू कोरडेच मिक्सरमध्ये बारीक करून ती पूड त्यात मिसळावी. हलक्या आचेवर ढवळत गरम केले तरी काजूतले पिष्ट फुलून मिश्रण दाट होते, परंतु त्यात कच्च्या काजूचा ताजेपणा जातो आणि डिपपेक्षा सॉससारखी चव येते. तेल वेगळे होऊन कडेला तरंगू लागले, तर एक चमचा थंड पाणी घालून हाताने जोरात फेटावे. खारट झालेल्या डिपला मात्र पाणी हा उपाय नाही. थोडे काजू आणखी भिजवून, बिनमिठाचे वाटून त्यात मिसळणे हाच मार्ग आहे.

पाहुण्यांना विचारणे आणि साठवणे

कवचफळे आणि शेंगदाणे ही तीव्र ॲलर्जीची प्रमुख कारणे आहेत, आणि डिपमध्ये ती डोळ्यांना दिसत नाहीत. पांढरे, मऊ मिश्रण पाहून कोणालाही ते दह्याचे किंवा चीजचे वाटू शकते. त्यामुळे पदार्थ पुढे ठेवण्यापूर्वी, शक्य असेल तर काजू भिजवण्यापूर्वीच, सर्वांना विचारावे. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरे चालेल असा तर्क आपण करू नये. काजूची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला पिस्त्याचीही असण्याची शक्यता फार मोठी असते, कारण दोन्ही एकाच वनस्पतिकुळातली आहेत. अशी व्यक्ती येणार असेल, तर तिच्यासाठीचे वेगळे पदार्थ त्याच मिक्सरमध्ये आणि त्याच उलथन्याने करू नयेत, कारण अंशमात्र राहिलेले वाटणही तिला पुरेसे असते. लहान मुले असतील तर वर पेरलेले काजूचे तुकडे वगळावेत. घशात अडकण्याचा धोका डिपपेक्षा त्यांचाच अधिक असतो.

तयार डिप टेबलावर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासात ते आत जायला हवे. मोठी बैठक असेल तर निम्मेच बाहेर काढावे आणि लागेल तसे भरावे. ज्या वाटीत सर्वांनी तुकडे बुडवले, तिच्यातले उरलेले परत मूळ डब्यात मिसळू नये. न वापरलेले डिप झाकणाच्या काचेच्या बरणीत, ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला, तीन ते चार दिवस राहते. पृष्ठभाग किंचित करडा पडतो, तो वरून तेलाचा पातळ थर दिला तर कमी पडतो. दुसऱ्या दिवशी बरणीतले डिप सुरीने कापण्याइतके घट्ट झालेले आढळेल. त्यात चमचाभर पाणी घालून ढवळावे, लिंबाचे दोन थेंब पिळावेत आणि मीठ पुन्हा चाखावे.